थेंबाला सुतक नसतं

वन्सं, मी अजून ओरडूनच बोलते. घरात कोणी नाही, तरी ओरडूनच. काल सकाळी "पाणी आलं होऽ, पिंप भरायला लावते" असं म्हणाले आणि समोरच्या सुळेकाकूंनी दार उघडलं.

"मंदाताई, कोण आलंय?"

"कोणी नाही, मोबाईलवर बोलत होते."

मोबाईल त्यांच्या डोळ्यांसमोर चार्जिंगला लावलेला. त्यांनी नुसता माझ्या दंडावर हात ठेवला आणि दार ओढून घेतलं. नऊ वर्षं तुमच्या उजव्या कानाच्या रोखाने बोलून बोलून माझा गळाच तसा झालाय. हळू बोलायचं कसं, तेच आठवत नाही.

तुमची माहिती इथे लिहीत नाही. आपल्या निखिलने ती खाली सोसायटीच्या फळ्यावर लिहिलेली. नाव, वय, खडवलीच्या निवृत्त अंगणवाडी सेविका, एवढंच. अक्षर चांगलं आलेलं त्याचं. पण तुम्ही माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, आणि निवृत्त झाल्यावर खडवलीची खोली सोडून डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आलात, हे फळ्यावर कुठून येणार? नणंद-भावजय एका घरात राहतात म्हटलं की बायका आधी माझ्याकडे दयेने बघायच्या. दोन दिवस माझी बडबड ऐकली की मग तुमच्याकडे बघायच्या. पहिली तीन वर्षं मध्ये तुमचा भाऊ होता, दोघींच्या कागाळ्या ऐकून घ्यायला. हे गेले आणि आपण दोघीच उरलो. भांडण झालं तर सोडवायलासुद्धा तिसरं माणूस नाही.

त्या भांडणाचंच लिहायला बसलेय. दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

सुरुवात कुठून झाली, तर फोनपासून. आपल्या नातीचा, सईचा दुसरा वाढदिवस जवळ आलेला. गेल्या वर्षी पहिला वाढदिवस निखिलने ठाण्यात हॉल घेऊन केला, फुग्यांची कमान काय, दोन मजली केक काय. आणि सई बिचारी पूर्ण वेळ रडत होती, अस्वलाचा झगा घातलेला तो माणूस बघून. यंदा निखिलची नोकरी गेली, दुसरी लागेपर्यंत चार महिने मध्ये गेले. हॉलचं नाव काढायची सोय नव्हती. सूनबाई शहाणी. ऋतुजाने स्वतःच ठरवलं, ठाण्यात त्यांच्या खोपटच्या घरातच करायचा, आणि सगळं हाताने.

तिचा फोन आला तेव्हा मी भाजीला गेलेले. तुम्ही घेतलात. फोन कानाला लावला की तुमच्या कानातलं मशीन शिट्टी मारायचं, म्हणून मशीन काढून फोन घ्यायची तुमची पद्धत. म्हणजे जेव्हा ऐकायची सगळ्यात गरज, तेव्हाच कान टेबलावर. मी आले तर तुमचा चेहरा नुसता फुललेला.

"मंदा, ऋतुजाचा फोन होता. पोरगी हुशार आहे हं. म्हणाली, आत्या, सगळं साधंच करू, फक्त एक थेंब असला की झालं. सजावट तुम्ही दोघी बघा."

"थेंब? कसला थेंब?"

"पाण्याचा गं! तेवढा धरून बाकी सगळं करायचं."

मीही काही मोठी शहाणी नाही. मला वाटलं, हल्लीच्या मुलींचं काहीतरी असेल, पाणी वाचवा वगैरे. परत फोन करून विचारावं, हे सुचलंच नाही.

आणि तुमचं काय चुकलं? ऋतुजा जो शब्द बोलली तो तुमच्या सबंध आयुष्यात तुमच्या वाट्याला आला नव्हता. आणि लहान मूल म्हटलं की थेंब, हे तर तुमच्या हाडात मुरलेलं. वर्षानुवर्षं पोलिओच्या रविवारी बर्फाची निळी पेटी खांद्याला लावून तुम्ही खडवलीच्या आजूबाजूच्या वाड्या, वीटभट्ट्या पालथ्या घातल्यात. मूल शेतात असलं तर शेतात, झोपलेलं असलं तर झोपेत. गाल दाबायचे, दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई, की लगेच "झालं! पुढचं बाळ!"

सईशीही तुमचा तोच खेळ. जुन्या औषधाच्या ड्रॉपरमध्ये साखरेचं पाणी भरायचं. "आऽ कर. एक. दोन. झालं!" मग पेनने करंगळीच्या नखावर ठिपका. "पुढचं बाळ!" आता दुसरं बाळ घरात कुठून आणायचं? म्हणून पुढचं बाळ मी. गुडघे धरून खाली बसायचं आणि आ करायचा. सई टाळ्या वाजवायची. तिला आत्याआजी म्हणता यायचं नाही, ती तुम्हाला 'ताजी' म्हणायची, आणि तुम्ही म्हणायचात, "बघ मंदा, शिळी तू एकटीच."

कागद आणायला आपण कल्याणला गेलो, आठवतं ना? बाजारातल्या त्या दुकानात एवढीशी पोरगी गल्ल्यावर. म्हणाली, "आजी, तयार माळ घ्या ना, हॅपी बर्थडेची. लावली की झालं."

तुम्ही म्हणालात, "लावली की झालं, तर मग आम्ही दोघींनी दिवसभर काय करायचं?"

घोटीव कागद घेतला, निळा आणि आकाशी. जांभळट दाखवला तर तुम्ही बाजूला सारलात. "तो शाईचा रंग, पाण्याचा नाही." आणि दोऱ्याचं एक रीळ. बाकी सगळं घरात आहे, हे तुमचं पालुपद. पुठ्ठा लग्नपत्रिकांचा, खळ मैद्याची. आलेल्या मुलांना द्यायला जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांचे चेंडू. मला मेलीला लाज वाटत होती. म्हटलं, ठाण्याची मुलं, चिंध्यांच्या चेंडूला नाकं मुरडतील. तुम्ही म्हणालात, "मुलं नाही मुरडत. मुलांच्या आया मुरडतात. त्यांना कुठे द्यायचाय चेंडू?"

आणि मग ती चार दिवसांची दुपार. मी चार दिवस म्हणते खरं, पण मला ती एकच लांब दुपार वाटते. तुम्ही कागद दुमडून अर्धा थेंब कापायचात आणि उघडलात की पुरा व्हायचा, दोन्ही कडा अगदी सारख्या. मी शहाणपणा करून न दुमडता कापला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तो उजेडात धरलात.

"मंदा, हा थेंब आहे का भरताचं वांगं?"

ह्यांच्या माघारी सहा वर्षांत मी इतक्या दुपारी काढल्या, एकही आठवत नाही. ही आठवते.

पाचव्या दिवशी ऋतुजाचा व्हिडिओ कॉल. "आई, हत्ती झाला, आता सिंह घेतलाय कापायला. तुमचं कुठवर आलं?"

"हत्ती? थेंबात हत्ती कुठून आला?"

"कुठला थेंब?"

"अगं, तूच आत्यांना म्हणालीस ना, एक थेंब असला की झालं."

तिने हातातली कात्री खाली ठेवली. मग, "आई! थीम! एक थीम असली की झालं, असं म्हणाले मी. जंगल थीम!"

वन्सं, मी हसले. खोटं कशाला बोलू, जमिनीवर बसून, भिंतीला टेकून, पोट धरून हसले. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण माझी जीभ! संध्याकाळी भजनाच्या बायका आपल्याकडे जमल्या, तर तुमची नक्कल करून सगळ्यांना सांगितलं. "पोरगी हुशार आहे हं, मंदा!" सगळ्या हसत सुटल्या. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर तुम्हीही हसत होतात. सगळे हसले की आपणही हसायचं, ही तुमची सवय, म्हणजे ऐकू आलं नाही हे कळत नाही. मला ते दिसत होतं. दिसत असून मी सांगत राहिले. मग सुळेकाकू तुमच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, थीमचा थेंब केलात हो तुम्ही!"

तुमचं हसू तिथेच थांबलं. एकदम गेलं नाही. तोंडावर तसंच राहिलं थोडा वेळ, आणि डोळ्यांतलं आधी गेलं.

बायका गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "जंगलाला पाणी नको का?"

आणि मी परत हसले.

तुम्ही कागद गोळा करायला लागलात. मला माझाच राग आलेला, तो मी तुमच्यावर काढला. "तुला ऐकू येत नाही तर परत विचारत का नाहीस? उगीच सगळ्याला हो हो करत बसतेस!"

तुम्ही वळून बघितलंत. "तू म्हणालीस मला."

"चुकून आलं."

"अडतीस वर्षांत पहिल्यांदा आलं." मग खुर्चीवर बसून, कात्रीची पाती पदराला पुसत म्हणालात, "परत विचारलं ना मंदा, की माणसं म्हणतात, जाऊ दे, काही नाही. निखिल म्हणतो. तूही म्हणतेस. ते 'काही नाही' ऐकून कंटाळा आलाय मला. त्यापेक्षा हो म्हटलेलं बरं."

कानातलं मशीन काढलंत, डबीत ठेवलंत, डबी कपाटात. थेंब साडीच्या खोक्यात भरले आणि खोकं कपाटावर.

माझं चुकलं, हे चार शब्दांचंसुद्धा वाक्य नाही. पण मशीन डबीत असताना ते म्हणायचं तर ओरडून म्हणायला हवं होतं, आणि माफी ओरडून कशी मागतात ते मला माहीत नव्हतं. म्हटलं, मशीन घालतील तेव्हा सांगू. दोन दिवस तुम्ही ते घातलं नाहीत. आपण ताटं वाढली, औषधं दिली, टीव्ही बघितला. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवायचात, म्हणजे राग नव्हता बहुतेक. बहुतेक.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गॅलरीकडे तोंड करून खुर्चीत बसला होतात. माझ्याकडे पाठ. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "वन्सं, चहा ठेवू का?" उत्तर नाही. परत विचारलं, मोठ्याने. तुम्ही हलला नाहीत.

मी म्हटलं, "बसा रुसून!"

आणि पिशवी घेऊन दूध आणायला खाली गेले. वाटेत सुळेकाकू भेटल्या, जिन्यात पंधरा मिनिटं गप्पा मारल्या. वर आले तरी तुम्ही तशाच.

डॉक्टर म्हणाले, त्रास काही झाला नसेल, बसल्या बसल्या गेल्या. किती वाजता, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. तुम्ही खरंच रुसला होतात, की मशीन नव्हतं म्हणून ऐकू आलं नाही, की मी चहाचं विचारलं तेव्हा तुम्ही तिथे नव्हतातच? ह्या तिन्हीतलं कुठलं बरं, तेही मला ठरवता येत नाही. सगळ्यांना मी सांगितलं, शेवटी चहाचं विचारलं मी त्यांना. पुढचे दोन शब्द कोणाला सांगितले नाहीत. ते आज इथे पहिल्यांदा लिहिले.

सईचा वाढदिवस तुमच्या सोळाव्या दिवशी येत होता. ठाकुर्लीच्या जाऊबाई म्हणाल्या, वर्षभर गोडधोड नको. निखिल म्हणाला, "आई, राहू दे. दोन वर्षांची आहे ती, तिला काय कळतंय?" मी मान डोलावली. खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. ते निळे कागद परत डोळ्यांसमोर नको होते. खोकं रद्दीत घालावं असंही मनात येऊन गेलं.

तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर ऋतुजा भांडी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "आई, आत्यांचे थेंब कुठेयत?"

एवढंच. आणि मला सासूबाई गेल्या तेव्हाचं आठवलं. तिसरा दिवस होता, घरात माणसं बसलेली, आणि तुम्ही सकाळी उठून पदर खोचलात, निळी पेटी घेतलीत. पोलिओचा रविवार होता. जाऊबाईंनी अडवलं, "अहो, सुतक आहे, आई गेलीय तुमची!" तुम्ही चपला घालता घालता म्हणालात, "थेंबाला सुतक नसतं." आणि गेलात. मी धाकटी सून, दारात उभी होते. मला वाटलं, काय दगडाची बाई आहे. संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा मोरीत पाय धुताना किती वेळ नळ चालू होता, ते मात्र मी ऐकलेलं. तेही कधी बोलले नाही तुमच्याशी.

"निखिल," मी म्हटलं, "करायचा वाढदिवस."

"आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. थेंबाला सुतक नसतं."

त्याला काही कळलं नाही. पण मी तुमच्याशी बोलायच्या आवाजात बोलले असणार, तो लगेच 'बरं' म्हणाला.

चेंडू तुम्ही चार करून ठेवलेले, मुलं सात यायची होती. उरलेले तीन मी तुमच्या त्या बिस्किटी सुती साडीचे केले. तुमच्यासारखे गोल नाही झाले. केक ऋतुजाने कुकरमध्ये केला, तळाला मीठ पसरून, शिट्टी काढून, रव्याचा. जरा एका बाजूला करपला, ती बाजू भिंतीकडे केली. एका भिंतीवर पुठ्ठ्याचा हत्ती, सिंह, निखिलने काढलेलं माकड, जे निखिलसारखंच दिसत होतं. आणि छताला, पंख्याची दांडी सोडून, सगळीकडे तुमचे थेंब. लांब दोऱ्याने, कमी-जास्त उंचीवर. माझं वांगं पण लावलं एका कोपऱ्यात. खाली एसटीच्या डेपोत गाडी लागली की मुलं खिडकीकडे धावायची, आणि त्यांच्या धावण्याने सगळे थेंब हलायचे.

खालच्या मजल्यावरच्या एका मुलाची आई वर बघत म्हणाली, "छान आहे हं. थीम काय आहे, काकू?"

खोलीत सगळे होते. मी म्हटलं, "थेंब!"

इतक्या मोठ्याने म्हटलं की हॉर्न वाजवणारा ड्रायव्हरसुद्धा थांबला असेल. कोणी हसलं नाही. ती बाई म्हणाली, "वा, वेगळीच आहे." आणि मला तुमच्याकडे बघायचं होतं, वन्सं. खांद्यावरून मागे वळलेसुद्धा.

केक कापायच्या आधी सई कुठेशी गेली. बघतो तर सगळ्यात खाली लोंबणाऱ्या थेंबाच्या बरोबर खाली उभी. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, तोंड मोठ्ठं उघडलेलं. "आऽऽ."

कोणाला काही कळेना. मुलं हसायला लागली. सईने एक डोळा उघडून वर बघितलं, थेंब काही पडत नव्हता. मग म्हणाली, "ताजी?"

ऋतुजाने तोंडावर ओढणी धरली आणि आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती साखरेचं पाणी आणि सईच्या औषधाचा ड्रॉपर घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातात दिला. एक. दोन. दुसरा जरा हनुवटीवर गेला. सईने लगेच डावी करंगळी पुढे केली. निखिलने खिशातलं पेन दिलं, मी ठिपका काढला. पुढे काय म्हणायचं ते मला पाठ होतं, पण आवाज फुटेना. नऊ वर्षं ओरडणारा गळा, नेमका तेव्हा बसला.

तर सईच म्हणाली. "झालं! पुच्चं बाळ!"

आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी गुडघे धरून खाली बसले. आ केला. तिने माझ्या हातातून ड्रॉपर घेतला आणि दोन्ही मुठींनी दाबला. नाकावर, गालावर, थोडं तोंडात. मग माझी करंगळी धरून इतका वेळ पेन घासलं, की नख सबंध निळं झालं. मागे सातही मुलं आ करून रांगेत उभी होती.

आता घरी आलेय. भांडी घासताना ती करंगळी बाहेर ठेवते. सुळेकाकूंनी विचारलं, "मतदान होतं का हो कुठे?" मी म्हटलं, "काही नाही." आणि तुम्ही सांगितलेलं आठवलं, म्हणून त्यांना परत हाक मारून सगळं पहिल्यापासून सांगितलं, नक्कल न करता.

तुमची खुर्ची मी हलवलेली नाही. अजून गॅलरीकडे तोंड, माझ्याकडे पाठ. मशीनची डबी कपाटातून काढून तिच्या हातावर ठेवलीय. एवढा वेळ ओरडले, आता जरा हळू बोलून बघते. आवाज घोगरा येतोय, चालवून घे.

माझं चुकलं. तू रुसली होतीस का गं?

चहा ठेवू का?